विश्लेषण : भरतीच्या वेळीच सेन्सर गप्प का होतो?

एका बाजूला खाडी आणि खारफुटी, दुसऱ्या बाजूला नवी मुंबई विमानतळ, मधे टॉवर आणि न थांबणारी बांधकामे, असे आजचे उलवे आहे. अटल सेतूचे उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झाले, डिसेंबर २०२५ पासून विमानेही उडू लागली. इथली धूळ, आवाज आणि नाल्यातले पाणी मोजायचे तर बिनतारी सेन्सर हा स्वस्त मार्ग आहे. मात्र मोजलेला आकडा सर्व्हरपर्यंत पोहोचलाच नाही, तर मोजला काय नि न मोजला काय!

आकडा जातो कसा?

अशा कामासाठी ‘लोरा’ हे तंत्र बरेच वापरले जाते. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी ताकदीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त आहे. सेन्सर छोटा संदेश सोडतो, गच्चीवरचा गेटवे तो पकडून इंटरनेटवर टाकतो. मोकळ्या जागेत हा संदेश काही किलोमीटर जातो. आरसीसी भिंती, पत्र्याच्या शेड आणि भरलेल्या पाण्याच्या टाक्या मात्र त्याला अडवतात.

गेटवे दिसतो, तरी सिग्नल का नाही?

कारण लहर दोरीसारख्या सरळ रेषेत जात नाही. रेषेभोवती मधे फुगलेला, टोकांना निमुळता पट्टा तिला मोकळा लागतो. एक किलोमीटर अंतरावर मध्यभागी त्याची त्रिज्या सुमारे ९ मीटर भरते. त्यातला किमान ६० टक्के, म्हणजे साडेपाच मीटर भाग तरी मोकळा हवा. तीन मीटर खांबावरचा सेन्सर आणि तीस मीटर उंचीच्या गच्चीवरचा गेटवे घेतला, तर मध्यावर रेषा साडेसोळा मीटरवर असते. पाच मीटर उंच खारफुटी तिथे अडसर ठरत नाही. तीच खारफुटी सेन्सरपासून शंभर मीटरवर असेल तर मात्र रेषा जेमतेम तिच्या शेंड्यांवरून जाते आणि सिग्नल ढासळतो.

म्हणून उंची वाढवायची ती गेटवेची. सेन्सरला तेवढी मोकळीक नसते. हवेचे नमुने जमिनीपासून ३ ते १० मीटरवर घ्यावेत, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा दंडक आहे. पाण्याची पातळी मोजणारे यंत्र तर उघाडीजवळच बसवावे लागते. गेटवेसाठी गच्चीवर उंच मास्ट उभारायचा असेल, तर विमानतळ परिसरातील उंचीची मर्यादा आधी पाहावी लागते.

भरतीचा काय संबंध?

उघाडीजवळच्या सेन्सरची खरी परीक्षा इथे होते. गेटवेकडे एक लहर थेट जाते, दुसरी पाण्यावर आपटून जाते. पाणी चढले की अँटेनाची पाण्यापासूनची उंची घटते, दोन्ही लहरींच्या वाटा जवळपास सारख्या लांबीच्या होतात. परावर्तित लहर उलटी होऊन आलेली असल्याने ती थेट लहरीला खोडू लागते. म्हणजे पाणी घरात शिरण्याची भीती असते त्याच वेळी इशारा अडकतो. ओहोटीला दुपारी घेतलेली चाचणी म्हणूनच फसवी. चाचणी अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात घ्यायला हवी.

खापर बहुधा पावसावर फुटते. या लहरींना पावसाच्या थेंबांनी फारसा फरक पडत नाही. दोष असतो तो अँटेनाच्या जोडणीत शिरलेल्या पाण्याचा आणि खाऱ्या हवेने चढलेल्या गंजाचा. अँटेना उभी, लोखंडी खांबापासून किमान ३५ सेंटिमीटर दूर आणि जोडणी जलरोधक टेपने बंद केलेली असावी.

किती सिग्नल पुरेसा?

एखादा संदेश पोहोचला म्हणून जागा पक्की करू नये. लोराचा सर्वांत संथ प्रकार सुमारे उणे १३७ डीबीएमपर्यंतचा क्षीण सिग्नल ओळखतो. सरासरी उणे १३० असेल तर हाताशी काहीच शिल्लक नाही, उणे ११५ असेल तर निभावते. शिवाय संथ प्रकारात एक संदेश जलद प्रकाराच्या वीसपटीहून अधिक वेळ हवेत राहतो आणि बॅटरी संपवतो.

२०२०-२१ मध्ये महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि आयआयटी कानपूर यांनी मुंबई महानगर परिसरात कमी किमतीचे सेन्सर तपासले. आकडा बरोबर आहे का, हा तिथला प्रश्न. तो आला का, हा वेगळा प्रश्न आणि त्याची नोंद वेगळीच ठेवावी लागते. रिकामी जागा आलेखात ‘शून्य’ दिसली, तर धुळीचा दिवसही स्वच्छ ठरतो.

लोरावॅनमध्ये एकच संदेश अनेक गेटवे पकडू शकतात. त्यामुळे खारकोपर आणि बामणडोंगरी अशा दोन बाजूंना गेटवे असले, तर एका दिशेला नवा टॉवर उभा राहिला तरी दुसरी वाट उरते. उलव्यात असे टॉवर दरवर्षी उठतात. म्हणून सिग्नलची फेरतपासणीही दरवर्षी, पावसाळ्याआधी.