जुनी कॅम्पर व्हॅन घेताय? आधी पेट्रोलचा पाइप बघा

फोटोत समुद्रकिनारी उभी असलेली फोक्सवॅगन ‘टाइप २’ कुणालाही मोहात पाडते. १९५० मध्ये जर्मनीत सुरू झालेली ही व्हॅन ब्राझीलमध्ये २०१३ पर्यंत बनत होती. त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात. धोका वेगळाच आहे.

इंजिन मागे आणि पेट्रोलची टाकी त्याला लागूनच. मधला रबरी पाइप वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होऊन तडकतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबराला आणखी लवकर खातं. गळलेलं पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडलं की भडका! इंजिनाच्या आवरणात मॅग्नेशियमचा मिश्रधातू असतो. त्याने पेट घेतला, तर पाण्याने आग उलट वाढते. म्हणूनच जाणकार मालक गाडी घरी आणताच आधी सगळे पाइप आणि क्लिपा बदलतात. खर्च तसा किरकोळ.

चकचकीत रंगाला भुलू नका. दाराखालचा पत्रा आणि उघडणाऱ्या छपराचं रबर तपासा, पाणी तिथूनच शिरतं.

टायरची नक्षी नवी दिसली तरी बाजूचा चार आकडी कोड वाचा. ‘२३१४’ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. असा टायर असेल, तर तो बदलूनच प्रवासाला निघा.