तीन घरे, अठ्ठ्याहत्तर तास

लातूर आणि नांदेड ही शहरे डॉक्टर घडवणारी म्हणून महाराष्ट्रभर ओळखली जातात, पण ती ओळख मुख्यतः प्रवेश परीक्षेची आहे. शाहू, दयानंद या महाविद्यालयांनी रुजवलेला ‘लातूर पॅटर्न’, त्याच्या मागोमाग नांदेडला उभे राहिलेले क्लासेसचे रस्ते, निकालाच्या दिवशी चौकाचौकात लागणारे फलक हे सगळे आपल्या परिचयाचे आहे. फलकावरचा मुलगा पुढे साडेपाच वर्षे काय शिकतो आणि त्यातले गावाच्या उपयोगी किती पडते, हे मात्र कुणी विचारत नाही. या लेखाचा विषय त्या शिक्षणाचा एक छोटा तुकडा आहे. तो छोटा असला तरी मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात ‘कुटुंब दत्तक’ उपक्रम आणला. प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून खेड्यातली किमान तीन कुटुंबे घ्यायची आणि ठरावीक दिवशी त्यांच्या घरी जायचे. घरात कोण कोण आहे, कुणाला काय दुखणे आहे, पाणी कुठून येते, लसी झाल्या का, याची नोंद करायची. वजन, उंची, रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन तपासायचे, सरकारी योजना समजावून सांगायच्या, गरज पडली तर रुग्णालयात आणायचे, आणि शेवटी त्या कुटुंबात काय सुधारले, काय राहिले याचा अहवाल द्यायचा. झाडे लावणे आणि स्वच्छता मोहीमसुद्धा यादीत आहे. आयोगाला यादी लांबवायची सवय आहे, ते सोडून देऊ. वेळेचे गणित असे: पहिल्या टप्प्यात २७ तास, दुसऱ्यात ३०, तिसऱ्यात २१, एकूण ७८. तीन तासांची एक फेरी धरली तर सव्वीस फेऱ्या, आणि तीन कुटुंबांत वाटले तर एका घराच्या वाट्याला सव्वीस तास.

सव्वीस तास ऐकायला थोडे वाटतात. पण सरकारी ओपीडीत एका रुग्णाला दोन-तीन मिनिटे मिळतात. त्या हिशेबाने सव्वीस तास ही चैनच म्हणायची.

नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ सालचे, आज विष्णुपुरीला. लातूरला एमआयटीचे वैद्यकीय महाविद्यालय १९९० पासून आहे आणि शासकीय महाविद्यालय २००२ चे. दोन्ही शासकीय महाविद्यालयांत दरवर्षी दीडशे विद्यार्थी येतात. दीडशे गुणिले तीन म्हणजे एका तुकडीची साडेचारशे कुटुंबे. घरटी पाच माणसे धरली तर सव्वादोन हजार लोकवस्ती, म्हणजे एक बऱ्यापैकी गाव. दरवर्षी एका महाविद्यालयामागे एक अख्खे गाव, घरोघर, तीन वर्षे. कागदावर ही फार मोठी गोष्ट आहे.

कल्पना मात्र नवी नाही. भोर समितीने १९४६ च्या अहवालातच म्हटले होते की आपल्याला ‘सामाजिक वैद्य’ हवा, आणि त्यासाठी रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्राचे तीन महिन्यांचे शिक्षण सुचवले होते. विद्यार्थी ज्याला ‘पीएसएम’ म्हणतात तो विषय या वळणाचा. पुढे १९७७ साली ‘रोम’ योजना आली. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने तीन प्राथमिक आरोग्य केंद्रे जोडून घ्यायची होती. त्यासाठी ब्रिटिश मदतीतून फिरत्या दवाखान्याच्या अवाढव्य गाड्या आल्या, आणि त्या आपल्या खेड्यांच्या रस्त्यांना झेपेनात. योजना हळूहळू कागदावर उरली.

चालले ते सेवाग्रामला. डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. तिथे प्रत्येक नवी तुकडी एक गाव घेते, विद्यार्थी पंधरा दिवस त्या गावातच मुक्काम करतात, प्रत्येकाला काही कुटुंबे वाटून दिली जातात आणि पुढची काही वर्षे त्याच घरी जाणे-येणे राहते. आजच्या उपक्रमाचा सांगाडा सरळ तिथून आलेला दिसतो. फरक एवढाच की आयोगाने फेऱ्या घेतल्या आणि मुक्काम सोडून दिला. गावात रात्र काढली की कळते, पाणी किती वाजता येते, बाया हागणदारीला अंधारात का जातात आणि घरातला कोण दारू पितो. सकाळी दहाला बसने उतरून दुपारी एकला परतणाऱ्याला हे दिसत नाही.

आता मुख्य मुद्दा. एखाद्या घराचे सर्वेक्षण करणे आणि त्या घराचा वैद्य होणे यांत फरक काय?

रक्तक्षयाचे उदाहरण घेऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत तो ४८ टक्के होता. सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकांत तो ५३.८ वरून ६८.९ वर गेला. म्हणजे विद्यार्थ्याच्या तीन घरांत एक तरी रक्तक्षयाची बाई सापडणारच. पहिल्या फेरीत तो हिमोग्लोबिन लिहितो, लोहाच्या गोळ्या घ्या म्हणतो. बाई मान हलवते. गोळ्या उपकेंद्रातून आधीच मिळालेल्या असतात, फडताळात पडून असतात. दुसऱ्या फेरीत तो विचारतो, ती सांगते, “घेतीय की.” तिसऱ्या-चौथ्या फेरीला, सासू शेजारी गेलेली असताना, ती सांगते की गोळी खाल्ली की मळमळतंय, शी काळी होतीय, पोटातल्या लेकराचा रंग काळा होईल असं जाऊबाई म्हणाली. मग तो सांगू शकतो की शी काळी होणे म्हणजे लोहच आहे, गोळी रात्री जेवणानंतर घ्या, वर लगेच चहा पिऊ नका, लिंबू पिळून खा. हे ज्ञान पाठ्यपुस्तकात पहिल्या दिवसापासून होते. बाईचे खरे उत्तर मात्र चौथ्या फेरीला मिळाले. पहिल्या फेरीत मिळालेला आकडा शोधनिबंधाला पुरतो, रक्त वाढायला चौथी फेरी लागते.

रक्तदाबाचेही तसेच. नवरा-बायको दोघांना रक्तदाब, पण गोळ्यांची एकच पट्टी आणि तीही चक्कर आली की. यात ‘रुग्ण औषध घेत नाही’ असा शेरा मारता येतो. घराचा वैद्य मात्र विचारतो की प्राथमिक केंद्रातून एका वेळी किती दिवसांच्या गोळ्या मिळतात आणि त्यासाठी किती रोज बुडतो. शास्त्राच्या भाषेत याला फॅमिली मेडिसिन म्हणतात: आजाराऐवजी माणूस, आणि माणसासोबत त्याचे घर, वर्षानुवर्षे एकाच वैद्याच्या नजरेखाली. आपल्या गावांत ‘आमचा डॉक्टर’ म्हणतात तो बहुधा बीएएमएस किंवा बीएचएमएस, आणि अनेकदा तो हे काम नकळत करतही असतो. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात मात्र फॅमिली मेडिसिन हा स्वतंत्र परीक्षेचा विषय नाही. त्याच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट म्हणजे ही तीन घरे.

याची जगातली सर्वांत बोलकी साक्ष वेल्समधल्या ग्लिनकोरग या खाणकामगारांच्या गावची आहे. ज्युलियन ट्यूडर हार्ट हा डॉक्टर १९६० च्या दशकापासून तिथे राहिला. दवाखान्यात आलेल्यांवर न थांबता त्याने गावातल्या प्रत्येकाचा रक्तदाब मोजला, ज्यांचा जास्त निघाला त्यांच्यामागे वर्षानुवर्षे लागला. पंचवीस वर्षांनी शेजारच्या तशाच एका गावाशी तुलना केली, तेव्हा अकाली मृत्यू याच्या गावात बरेच कमी निघाले. याच माणसाने १९७१ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक नियम मांडला, तो मराठवाड्याला तंतोतंत लागू पडतो: जिथे उपचाराची गरज जास्त, तिथे चांगला उपचार मिळण्याची शक्यता कमी.

दत्तक गावांची निवड याच नियमाने बिघडते. बस सकाळी नेऊन दुपारी परत आणायची, म्हणजे गाव महाविद्यालयाच्या आसपासचेच. विष्णुपुरीहून किनवट, माहूर शंभर किलोमीटरहून लांब, लातूरहून जळकोट, देवणी आडबाजूला. शहराजवळच्या गावात विद्यार्थी येऊन जाऊन इतके असतात की लोक कंटाळतात. “रगत नेतंय, पर रिपोर्ट कुठं हाय?” हा प्रश्न अशा गावात हमखास ऐकू येतो, आणि तो रास्त आहे. माझ्या मते तपासणीचा निकाल घरी पोचवल्याशिवाय विद्यार्थ्याच्या वहीवर सही होऊ नये. एवढ्या एका नियमाने निम्मी बनवाबनवी थांबेल.

विष्णुपुरीच्या रुग्णालयाचे नाव देशभर झाले ते ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला. चोवीस तासांत २४ मृत्यू, त्यात १२ नवजात बालके. औषधांचा आणि मनुष्यबळाचा तुटवडा असल्याचे आरोप झाले. रुग्णालयाच्या बाजूने सांगितले गेले की रुग्ण लांबून, अखेरच्या अवस्थेत आणले जातात आणि सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या परिसरात असे दुसरे मोठे रुग्णालय नाही. पहिला मुद्दा शासनाचा आहे आणि कुठल्याही विद्यार्थ्याच्या घरभेटीने तो भरून निघणार नाही, निघावा अशी अपेक्षाही करू नये. दुसऱ्या मुद्द्याचा मात्र घराशी संबंध आहे. गर्भवतीचे वजन वाढत नाही, बाळ दूध ओढत नाही, अंग गार पडले आहे, हे आधी घरात दिसते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेतली, तेव्हा नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. तो अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. आज आशाताई बाळाच्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते, ती पद्धत त्याच कामातून देशभर गेली. विद्यार्थ्याने आपल्या तीन घरांपैकी कुठे बाळंतपण झाले तर आशाताईसोबत एकदा तरी जावे. बाळाला ताप आहे की गारठा हे हाताने ओळखायला तिच्याइतके चांगले कुणी शिकवणार नाही.

‘दत्तक’ हा शब्द मला खटकतो. अठरा वर्षांच्या पोराने साठीच्या म्हाताऱ्याला दत्तक घ्यायचे, हे ऐकायलाच विचित्र आहे. प्रत्यक्षात उलटेच घडते: दोन-तीन फेऱ्यांनंतर घरातली आजी त्याला जेवून जा म्हणते, परीक्षेचे विचारते, आणि त्यानंतरच त्याला खरे काही सांगू लागते.

विद्यार्थ्यांच्या असल्या धडपडीतून टिकाऊ काम उभे राहू शकते याचा पुरावा जवळच आहे. औरंगाबादच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या गटातून हॅलो मेडिकल फाउंडेशन निघाले. डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांनी ते तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला रुजवले, आणि गावातल्या बायांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले. मराठवाड्याच्या वेशीवर जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून हेच केले होते. दोन्हीकडे डॉक्टर गावात राहिले आणि ज्ञान गावातल्या बाईच्या हाती दिले.

दत्तक उपक्रमाची सगळ्यात कच्ची बाजू हीच आहे. तीन वर्षांनी विद्यार्थी जातो आणि त्याच्याबरोबर वहीही जाते. पुढची तुकडी दुसरे गाव, दुसरी घरे घेते. त्या वहीत तीन वर्षांचे रक्तदाब, वजने, घराचा नकाशा, न सांगितलेल्या गोष्टी असतात. महाविद्यालयाला ती गुणांसाठी लागते, पण तिचा खरा धनी ते कुटुंब आणि उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी आहे. नोंदीची एक प्रत उपकेंद्रात, एक घरात, आणि तीच घरे पुढच्या तुकडीकडे, इतके केले तरी दहा वर्षांत त्या गावचा असा आरोग्य इतिहास तयार होईल जो राज्यात क्वचित कुठे असेल. विद्यार्थ्यांना संशोधनाची हौस असेल तर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची दोन महिन्यांची विद्यार्थी शिष्यवृत्ती १९७९ पासून आहेच. दोन महिन्यांत नवा विषय उकरण्यापेक्षा या नोंदींवर काम केलेले बरे.

आणि एक अगदी व्यवहाराची अडचण. मुखेड, कंधार, लोहा, अहमदपूर, जळकोट या बालाघाटाच्या पट्ट्यातली कितीतरी घरे दसरा-दिवाळी उरकली की बंद होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ट्रक येतो, कोयता पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातो आणि मार्च-एप्रिलशिवाय परतत नाही. महाविद्यालयाच्या वेळापत्रकात नेमक्या याच महिन्यांत बऱ्याच फेऱ्या बसतात. विद्यार्थी जातो, दाराला कुलूप. वहीत ‘कुटुंब उपलब्ध नाही’ असे लिहिले जाते, किंवा शेजारच्या बंद नसलेल्या घराची नोंद होते. तोडणीवर गेलेली बाई गरोदर असू शकते, म्हाताऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या तिथे संपू शकतात, मुलाची लस चुकू शकते. फेरी म्हणून दिवाळीच्या आधी लावायला हवी, ट्रक येण्याच्या आधी. घरातल्या प्रत्येकाच्या आजाराची, चालू गोळ्यांची, राहिलेल्या लसींची एका जाड कार्डावर मराठीत नोंद करावी. शक्य तितक्या दिवसांच्या गोळ्या केंद्रातून मिळवून द्याव्यात, कार्डाच्या मागे आशाताईचा आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचा फोन नंबर लिहावा, आणि ते कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाईच्या हातात द्यावे. ती ते पिठाच्या डब्यात, रेशनकार्डासोबत ठेवते. तोडणीच्या गावचा डॉक्टर ते वाचू शकतो, आणि मार्चमध्ये ती परत आली की विद्यार्थ्याने पहिली फेरी त्या कार्डापासून सुरू करावी.