रिकाम्या अंगणात माणसे दिसतात तेव्हा

मोतीबिंदूने दृष्टी मंद झालेली आजी म्हणते, "अंगणात मुले उभी आहेत रे!" अंगण तर रिकामे असते. कोणी भूतबाधा म्हणतो, कोणी वेड. पुष्कळदा दोन्ही नसते.

जिनिव्हाचे निसर्गशास्त्रज्ञ शार्ल बॉने यांनी १७६० साली आपल्या आजोबांची अशीच हकिगत लिहिली. मोतीबिंदूने त्यांची नजर अधू झाली होती, बुद्धी मात्र शाबूत होती. त्यांना माणसे, पक्षी, इमारती दिसत. ती खरी नाहीत हेही त्यांना कळे. या विकाराला आज बॉने यांचेच नाव आहे.

पाहण्याचे काम डोळा व मेंदू मिळून करतात. डोळ्याकडून पुरेशी खबर येईनाशी झाली, की मेंदूचा पाहणारा भाग स्वतःच चित्रे उभी करतो.

अशा वेळी दिवा मोठा करावा, डोळ्यांची उघडझाप करावी, नजर इकडेतिकडे फिरवावी. चित्र बहुधा निघून जाते. आजीला हसू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. मोतीबिंदू काढता येतो. मात्र आवाजही ऐकू येत असतील, ताप असेल किंवा भान सुटत असेल, तर कारण दुसरे असू शकते. विलंब न करता दवाखाना गाठा.

लोक वेडे म्हणतील या भीतीने वृद्ध माणसे गप्प राहतात. तेव्हा आपणच मायेने विचारावे.