कुलूप काढणाऱ्या डॉक्टरीणबाई

घरातल्या कुणाचं डोकं फिरलं, की आपल्याकडे आधी दार लावून घेतात, डॉक्टर नंतर. त्यात कातडी काळी, म्हणून वेड्यांचं इस्पितळसुद्धा वेगळं असेल तर? अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात 'लेकिन' नावाच्या गावी १९२६ मध्ये असं इस्पितळ निघालं. रुग्ण कृष्णवर्णीय, डॉक्टर-नर्सही कृष्णवर्णीयच.

जॉर्जियात १९२२ साली जन्मलेल्या डॉ. मिल्ड्रेड मिचेल-बेटमन इथे नोकरीला लागल्या. मध्येच सोडून गेल्या, कॅन्सासला मनोविकारांचं शिक्षण घेतलं आणि पुन्हा तिथेच आल्या. (शहरात झकास दवाखाना थाटता आला असता की!) १९५८ मध्ये त्या इस्पितळाच्या प्रमुख झाल्या आणि १९६२ मध्ये तर राज्याच्या अख्ख्या मानसिक आरोग्य खात्याच्या संचालक! गोऱ्यांची इस्पितळंही आता या बाईंच्या हाताखाली. वर्णभेदाविरुद्धचा नागरी हक्क कायदा आला त्यानंतर दोन वर्षांनी, १९६४ मध्ये.

पंधरा वर्षं त्या खुर्चीवर होत्या. एकच धोशा – माणसाला लांब नेऊन कोंडू नका, त्याच्या गावाजवळ उपचार द्या.

१९९९ मध्ये हंटिंग्टनच्या सरकारी मनोरुग्णालयाला त्यांचं नाव दिलं गेलं. तेव्हा बाई सत्त्याहत्तरीच्या घरात होत्या.