पपनस, कळलावी, हळद, गुळवेल : दाहावर वनस्पतींचा उतारा कितपत?

बंगळुरू शहराच्या उत्तरेस सुमारे ४० किलोमीटर अंतरावर असलेले देवनहळ्ळी हे टिपू सुलतानचे जन्मस्थान म्हणून इतिहासात, तर २००८ मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय विमानतळामुळे देशभरात परिचित आहे. या गावाची आणखी एक ओळख म्हणजे तेथील पपनस. कन्नडमध्ये 'चक्कोता' म्हटल्या जाणाऱ्या या फळाला भौगोलिक मानांकन लाभले आहे. विमानतळ आल्यानंतर जमिनींचे भाव चढले आणि पपनसाच्या बागा कमी होत गेल्या.

वैद्यकशास्त्राला मात्र या फळात वेगळ्या कारणाने रस आहे. पपनसातील एका घटकाचा अभ्यास शरीरातील दाह कमी करण्याच्या दृष्टीने होत आहे, तर त्याच फळातील दुसरा घटक दाहावरील काही औषधे घेणाऱ्या रुग्णांना अपायकारक ठरू शकतो. वनस्पतिजन्य औषधांविषयीची आशा आणि त्यांच्या मर्यादा या एकाच फळात दिसून येतात.

दाह कशामुळे होतो?

जखम किंवा जंतुसंसर्ग झाल्यास रक्तातील पांढऱ्या पेशी त्या जागी धाव घेतात आणि रासायनिक संदेश सोडून इतर पेशींना बोलावतात. सूज, लाली आणि वेदना ही त्याचीच लक्षणे होत. काम संपल्यावर ही प्रक्रिया थांबणे अपेक्षित असते. आमवात, सोरायसिस किंवा आतड्यांच्या दाहाच्या विकारांत ती थांबत नाही आणि संरक्षक पेशी स्वतःच्याच शरीरावर हल्ला करीत राहतात. त्यामुळे अशा रुग्णाला प्रतिकारशक्ती 'वाढविण्याची' नव्हे, तर तिला आवर घालण्याची गरज असते.

कळलावीचे सिद्ध झालेले औषध

वनस्पतीतील द्रव्य संरक्षक पेशींना आवर घालू शकते, याचे ठोस उदाहरण म्हणजे कोल्चिसिन. महाराष्ट्राच्या जंगलांत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीमध्ये हे द्रव्य आढळते आणि भारतात तिच्या बियांपासून ते मिळविले जाते. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या हालचालीसाठी आवश्यक असलेल्या सूक्ष्म नलिकांची बांधणी कोल्चिसिन रोखते. परिणामी या पेशी दाहाच्या जागी मोठ्या संख्येने जमू शकत नाहीत.

'गाऊट' या सांध्यांच्या विकारावर हे औषध दीर्घकाळ वापरले जात आहे. हृदयरोगातही दाहाचा वाटा असतो, हे लक्षात आल्यावर ५,५२२ हृदयरुग्णांवर त्याची चाचणी घेण्यात आली. २०२० मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या गंभीर घटनांचे प्रमाण औषध न घेणाऱ्यांत ९.६ टक्के, तर रोज अर्धा मिलिग्रॅम कोल्चिसिन घेणाऱ्यांत ६.८ टक्के होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये या वापरास मान्यता दिली.

तथापि, कळलावीचा कंद अत्यंत विषारी असून तो खाल्ल्याने मृत्यू ओढवू शकतो. औषध आणि विष यांतील अंतर येथे केवळ मात्रेचे आहे. म्हणूनच शुद्ध केलेले, मोजून दिलेले द्रव्य उपयोगी ठरते, वनस्पती नव्हे.

हळदीची अडचण

हळदीतील कर्क्युमिन पेशींमधील दाहाचे संदेश चालू करणारी एक महत्त्वाची यंत्रणा दाबते, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. परंतु हळदीच्या पुडीत कर्क्युमिनचे प्रमाण साधारण तीन टक्केच असते आणि ते आतड्यातून रक्तात फारच कमी शोषले जाते. काचपात्रातील पेशींवर दिसणारा परिणाम रुग्णाच्या सांध्यापर्यंत पोहोचत नाही, तो याच कारणाने.

जखमेवर हळद लावण्याचे अमेरिकी पेटंट भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली १९९७ मध्ये रद्द करविले. या लढ्याने ज्ञानाच्या मालकीचा प्रश्न सुटला. कोणत्या रुग्णाला, किती मात्रेत, किती लाभ होतो, हा प्रश्न मात्र स्वतंत्र असून त्याचे उत्तर रुग्णांवरील चाचण्यांतूनच मिळू शकते.

गुळवेलीबाबत सावधगिरी

कोविड साथीच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी गुळवेलीचा काढा घरोघरी घेतला गेला. मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये, गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. केंद्रीय आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष अमान्य केला. त्यानंतर २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांमधील ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. यकृताच्या या इजेत स्वतःच्या पेशींवरील हल्ल्याची लक्षणे आढळली. संरक्षक पेशी आधीच अनावर असताना त्यांना आणखी चेतविणे धोक्याचे ठरू शकते, असा या नोंदींचा अर्थ आहे.

पपनस आणि औषधांच्या गोळ्या

पपनसाचा कडवटपणा मुख्यतः नॅरिंजिन या द्रव्यामुळे असतो. आतड्यातील जिवाणू त्याचे नॅरिंजेनिनमध्ये रूपांतर करतात. हे द्रव्य दाह निर्माण करणाऱ्या पेशींचे संदेश कमी करते, असे प्रयोगशाळेतील अभ्यास सांगतात. मात्र त्यापासून दाहाच्या विकारांवरील मान्यताप्राप्त औषध तयार झालेले नाही.

याच फळातील फ्युरॅनोकुमारिन ही द्रव्ये आतड्याच्या आवरणातील एका विकराला निष्प्रभ करतात. अनेक औषधांचे विघटन हे विकर करीत असते. ते थांबल्यास नेहमीचीच गोळी रक्तात जादा मात्रेएवढी होते. टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन ही प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधे, तसेच कोल्चिसिन या गटात मोडतात. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या एका रुग्णाच्या रक्तात पपनस खाल्ल्यानंतर टॅक्रोलिमसची पातळी वाढल्याची नोंद २००३ मध्ये जपानमधील डॉक्टरांनी केली आहे. फळाचा हा परिणाम एक दिवसाहून अधिक टिकू शकत असल्याने फळ सकाळी आणि गोळी रात्री घेणे पुरेसे ठरत नाही.

निरोगी व्यक्तीने पपनस खाण्यास हरकत नाही, तसेच स्वयंपाकातील हळदही निर्धोक आहे. आमवातावर सर्रास दिले जाणारे मेथोट्रेक्सेट या विकरावर अवलंबून नसते; परंतु त्याचा यकृतावर ताण येऊ शकत असल्याने त्यासोबत काढे आणि अर्क घेण्यापूर्वी विचारणा करणे आवश्यक आहे. दाहाच्या विकारावर उपचार घेणाऱ्या रुग्णांनी आपण घेत असलेला प्रत्येक काढा, चूर्ण व नियमित खाल्ले जाणारे आंबटवर्गीय फळ यांची माहिती डॉक्टरांना द्यावी आणि चालू औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये.