झाडाखाली निळा रंग का दिसतो?

मृग नक्षत्र लागले की जालना जिल्ह्यात पेरणीची घाई सुरू होते. दुपार कलताना ढग भरून येतात, वारा सुटतो, आणि पाण्याचे दोन थेंब अंगावर पडले की माणसे बांधावरच्या लिंबाखाली जाऊन उभी राहतात. भोकरदन असो, अंबड असो की घनसावंगी, वीज पडून दगावलेल्यांच्या बातमीत ‘झाडाखाली आसरा घेतला होता’ हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचायला मिळते.

‘झाडाखाली थांबू नका’ हे आम्ही शाळेत दरवर्षी सांगतो. मुले मान डोलावतात आणि शेतात गेल्यावर तेच करतात, कारण अब्बा, चाचा, सगळेच तसे करत आलेले असतात. नुसती ताकीद लक्षात राहत नाही, कारण समजले तर राहते. म्हणून नववी-दहावीच्या मुलांसोबत आम्ही या वेळी विजेचे चित्र संगणकावर काढून पाहिले.

मराठीत घरातल्या दिव्याची वीज आणि आभाळातली वीज यांना एकच शब्द आहे. उर्दूतही बर्क म्हणजे आभाळातली वीज, आणि त्यावरूनच ‘बर्की’. पुस्तकात ज्याला आपण विद्युत क्षेत्र म्हणतो, त्याला उर्दूत बर्की मैदान म्हणतात. दोन्ही भाषांनी दोन्ही विजा एकच मानल्या आहेत, आणि विज्ञानही तेच सांगते. स्वयंपाकघरातला गॅस लायटर दाबला की धातूच्या दोन टोकांमधल्या काही मिलिमीटर हवेतून ठिणगी उडते. ही टोके म्हणजे विद्युत अग्रे. आभाळात एक अग्र ढग आणि दुसरे आपली जमीन.

हवा एरवी वीज वाहू देत नाही. पण दर सेंटिमीटरला साधारण 30 हजार व्होल्टचा ताण आला की ती फुटते आणि ठिणगी पडते. दोन सपाट पत्र्यांमध्ये हा ताण सगळीकडे सारखा असतो. एका पत्र्यावर खिळा उभा केला, की ताण खिळ्याच्या टोकाशी गोळा होतो. मोकळ्या रानात लिंब हा खिळा असतो. रिकाम्या वावरात उभा माणूसही खिळाच असतो.

हे पटवायला संगणक लागतोच असे नाही. चौकटीच्या वहीत नऊ उभ्या आणि पाच आडव्या रांगा आखा. सर्वांत वरच्या रांगेत सगळीकडे 100 लिहा, हा ढग. सर्वांत खालच्या रांगेत 0, ही जमीन. दोन्ही कडांच्या उभ्या रांगांत वरून खाली 75, 50, 25 भरा. आता आतल्या प्रत्येक घरात त्याच्या चार शेजाऱ्यांची सरासरी लिहायची, आणि आकडे बदलायचे थांबेपर्यंत ते पुन्हा पुन्हा करायचे. शेवटी सगळीकडे 75, 50, 25 असाच उतार येतो, म्हणजे प्रत्येक पायरी 25 ची. नंतर मधल्या उभ्या रांगेत जमिनीलगतच्या दोन घरांत 0 कायम ठेवा. हे झाड. पुन्हा सरासरी काढा. झाडाच्या शेंड्यावरच्या घरात 57 च्या आसपास आकडा येतो. जिथे पायरी 25 ची होती, तिथे ती 57 ची झाली. शेंड्यावरचा ताण दुपटीहून जास्त!

अभियंत्यांचे सॉफ्टवेअर जवळपास हेच काम करते, फक्त चौकोनांऐवजी हजारो बारीक त्रिकोण घेऊन. या पद्धतीला फायनाइट एलिमेंट पद्धत म्हणतात. हे नाव रे क्लफ यांनी 1960 मध्ये रूढ केले. आम्ही फेम हे डेव्हिड मीकर यांचे मोफत सॉफ्टवेअर वापरले. आकृती काढायची, मधल्या जागेत हवा आहे हे सांगायचे, कोणत्या रेषेवर किती व्होल्ट ते भरायचे आणि बटण दाबायचे. ढगाला कोटी व्होल्ट द्या किंवा शंभर, चित्राचा आकार बदलत नाही, आकडे त्या प्रमाणात वाढतात. जास्त ताणाची जागा गुलाबी दिसते, कमी ताणाची आकाशी निळी. शेंडा गडद गुलाबी झाला तेव्हा वर्गात एकदम गलका झाला.

तेवढ्यात एका मुलीने विचारले, “सर, झाडाच्या बुंध्याशी तर निळा रंग आहे. मग खाली उभे राहिलेले बरेच की!”

प्रश्न अगदी बिनतोड होता. वहीतही झाडाशेजारच्या खालच्या घरात 25 ऐवजी 12 च्या आसपासच आकडा येतो. पण हे चित्र वीज पडण्याआधीचे आहे. वीज कुठे ओढली जाण्याचा संभव जास्त, एवढेच ते सांगते. पडल्यावर काय होते, ते सांगत नाही. शेंड्यावर पडलेली वीज खोडातून खाली येते, वाटेत बाजूच्या माणसावर उडी मारते आणि मुळाशी जमिनीत पसरते. पसरताना बुंध्याजवळ व्होल्ट जास्त आणि दूर कमी, असा उतार तयार होतो. दोन पाय दूर ठेवून उभे राहिलेल्याच्या एका पायाखाली जास्त आणि दुसऱ्याखाली कमी व्होल्ट येतात, आणि वीज अंगातून जाते. बैल-म्हशींचे पुढचे-मागचे पाय लांब असतात, म्हणून झाडाखाली बांधलेली जनावरे एका वेळी अनेक दगावतात. निळा रंग आहे तो ठिणगी पडेपर्यंतच.

आता घरातल्या सर्वांनी पाळायच्या गोष्टी. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा. आवाज एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद घेतो. तिसाच्या आत आवाज आला तर पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे आतच थांबा. घर जवळ नसेल तर एसटी किंवा काचा बंद केलेली मोटार चालेल. मोटारसायकल, उघडा ट्रॅक्टर आणि चारही बाजूंनी उघडे पत्र्याचे शेड नको. काहीच आसरा नसेल तर झाडापासून आणि एकमेकांपासून दूर होऊन, पाय जुळवून उकिडवे बसा. आडवे पडू नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ अॅप 20 आणि 40 किलोमीटर परिसरातल्या विजांची सूचना देते. घरातल्या एका तरी मोबाइलमध्ये ते असू द्या.

वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही. हात लावायला घाबरू नका. श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा आणि दुसऱ्याला 108 ला फोन करायला सांगा.

आणि ज्या मुलीला असा प्रश्न सुचतो, तिचे शिक्षण दहावीनंतर थांबवू नका. ट्रान्सफॉर्मर आणि उच्च दाबाच्या केबलचे आराखडे करणारे अभियंतेही रोज असेच रंगीत चित्र पुढे ठेवून विचारतात, की यात दिसत नाही ते काय आहे?