नवेगांव-खैरीचें पाणी व गळाची मासेमारी

धानाची कापणी-मळणी उरकली म्हणजे पारशिवनीकडील पुष्कळ शेतकऱ्यांस नवेगांव-खैरीच्या जलाशयावर गळ टाकण्याची हौस येते. परंतु पेंच नदीवरील हें पाणी गांवतळ्यासारखें स्थिर नसतें. वरून तोतलाडोहच्या वीजगृहांतील पाणी येतें, खालीं तें कालव्यांत सुटतें. त्यामुळें पाऊस नसतांहि पातळी चढते व उतरते.

म्हणून माहितगार ढिवर सोबत घेतल्यावांचून जाऊं नये. पाणी चढत असतां मासा नव्यानें बुडालेल्या काठाशीं चरावयास येतो. उतरूं लागतांच खोलाकडे सरतो. कटला वरच्या थरांत, रोहू मधल्या थरांत व मृगळ तळाशीं चरतो. गढूळ पाण्यांत आमिष दिसत नाहीं, तेव्हां वासाचें आमिष लावावें.

एकदां पाणी उतरलेलें पाहून आम्ही वाटाड्याचें न ऐकतां उघड्या काठावर उतरलों. वरून वाळलेला दिसणारा गाळ खचला व आम्ही मांडीपर्यंत रुतलों. त्यानें वल्हें आडवें टाकून आम्हांस ओढून काढलें.

तोतलाडोह व्याघ्रप्रकल्पांत असल्यानें तेथें मासेमारीस बंदी आहे. इतरत्रहि परवानगी विचारूनच गळ टाकावा. पावसाळ्याच्या आरंभीं अंड्यांनीं भरलेली मादी सांपडल्यास सोडून द्यावी. ढिवराची दिवसाची मजुरी मासा मिळो वा न मिळो, ठरल्याप्रमाणें द्यावी. पाणी ओळखण्याचें काम त्यानें दोन्ही वेळां सारखेंच केलेलें असतें.